वाघानं खुर्ची मागितली

जर्मनची थाळी होती, कडा पिचलेली. कुत्र्याची होती. आमी फाटकातून आत शिरलो तवा वकीलसाहेबांचा मोत्या त्याच थाळीत तोंड घालून उभा होता, हे मी माह्या डोळ्यानं पाहिलं होतं. गड्यानं ती नुसती विसळली, तिच्यात दूध ओतलं अन माह्या पुढ्यात फरशीवर ठेवली.

"चाट," वकीलसाहेब म्हणाले. "वाघ आहेस ना? वाघ काय पेल्यानं पितो?"

ओसरीवर पुण्याचे पाहुणे बसले होते. ते हसले. मी दोन हात, दोन गुडघे टेकून खाली. अंगभर पिवळा रंग, त्याच्यावर काळे पट्टे, कमरेले कापूस भरलेली शेपटी. मिरगाचे दिवस, पाण्याचा थेंब नाही. अकोल्याचं ऊन. फरशीनं तळहात भाजून राहिले होते अन घशात गिळायले थुंकी उरली नव्हती.

ओसरीवर वेताच्या खुर्चीत दुसरा वाघ बसला होता. वसंता. वकीलसाहेबांचा पोरगा, माह्याच मॅट्रिकच्या वर्गातला. पाहुण्याईले दाखवायले अंगात मुंबईहून शिवून आणलेला मखमलीचा पोशाख. काचेच्या डोळ्याचं मुंडकं काढून मांडीवर ठेवलेलं. हातात कपबशी.

खरं सांगतो. अपमान मले मागून समजला. पहिले मी जळलो. त्या कपबशीवर जळलो, खुर्चीवर जळलो, त्या मखमलीवर तर इतका जळलो का डोळ्यापुढे अंधारी आली. थाळीकडे माहं लक्षच नव्हतं.

आमच्याकडे तवा मोहरमात डफड्यावर नाचत दारोदार वाघ निघायचे. आजही कुठंकुठं निघत असतील. आमच्या टोळीचे उस्ताद रहीमचाचा. एरवी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, मोहरम आला का माणसं रंगवायचे. टोळीत एक टांगेवाला, एक शिंपी, धान्यबाजारातले हमाल, अन मी. माहा बाप जिनात कापसाच्या गाठी उचलायचा. आमी सारे एका रांगेत उभे राहायचो, हात बांबूवर टेकून, रंग वाळेपर्यंत. बसायचं नाही, खाजवायचं नाही. माशी बसली तर बसली. एकमेकाले बिड्या पाजायचो, पाणी पाजायचो, अन एकमेकाच्या पाठीवर फुंकर घालायचो. जात कोणी विचारत नसे. रंगाखाली ती दिसतच नसे.

काहून करायचा तू वाघ, असं मले लोक विचारत. नवस होता काय? नव्हता. बापानं नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, नवस गेले अन सायासही गेले. वाघ राहिला. मले आवडायचं, बस. डफडं वाजलं का माहे खांदे आपोआप खाली जात. बाया रडकी लेकरं घेऊन येत, माह्या पायाखालून काढत, भीती जाते म्हणून. लेकरू तिकडून निघायचं ते हसतच. वर्षभर ज्याच्या सावलीले कोणी उभं राहत नव्हतं, त्याच्या पायाखालून लोकं लेकरं काढत. याच्यापरीस मोठं सुख मले कोणतं ठाऊक नव्हतं.

अन लोकांच्या डोक्यात काय? हे दारू ढोसून येतात. चाचा रंग लावायच्या पहिले प्रत्येकाचं तोंड हुंगत. वास आला का चालता हो. दारू प्यालेल्याले घाम फुटतो अन रंग उतरतो, इतकी साधी गोष्ट. लोक म्हणत, यांच्या अंगात येतं. कोणाच्या अंगात येते? माहा पाय कुठं पडला, रस्त्यावर खडा कुठं हाये, समोरची बाई खरंच भ्यायली का लटकी, सारं मले ठाऊक असे. लोक म्हणत, बायांकडे पाहाले हे निमित्त. म्हणत, याईले जनावर व्हायची हौस हाये, माणसात मन लागत नाही. अरे, जनावर काहून होईन मी? मी वाघ करून दाखवत होतो. जनावराले जनावर करून दाखवता येत नाही. त्याले माणूस लागते.

पण एक नियम होता, चाचाचा. "रंग में जबान नहीं." पट्टा चढला का वाघ बोलत नाही. गुरगुरायचं, मान हलवायची, बोलायचं नाही. रॉकेल लावून रंग पुसेपर्यंत एक शब्द नाही. जो बोलला त्याले चाचा पुन्हा रंगवत नसत. दुसरा उस्तादही रंगवत नसे, हा साऱ्या टोळ्यांचा कायदा. असा वाघ मेला म्हणायचे. आमच्या टोळीतला एक हमाल विंचू चावला तरी बोलला नव्हता.

वसंताचा वाघ बोलायचा.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यानं वाघाचं काम केलं होतं. जंगलाचं नाटक. त्याच्या आधी सुटीच्या दिवशी तो आमच्या तालमीत यायचा, माह्यामागं माह्यामागं. "चाल दाखव ना रे." मी दाखवली. पुढचा हात टेकला का मागचं ढुंगण कसं ढिलं सोडायचं, मान आधी अन खांदा मागून कसा. मन लावून शिकवलं, दोस्त म्हणून. गॅदरिंगच्या दिवशी मी मागच्या भिंतीले टेकून उभा. पडदा वर गेला अन माही चाल स्टेजवर आली, मखमल घालून. वरून तो बोलला. छापल्यासारखी मराठी. "मी या अरण्याचा राजा." टाळ्याच टाळ्या. हेडमास्तरांनी चांदीचा पेला दिला अन विचारलं, "एवढं बारकाईनं कुठं पाहिलंस?"

"सर्कशीत, सर."

माह्या पोटात आग पडली ते तवापासून. पेला त्याले मिळाला म्हणून नाही. हो, म्हणूनही. पण जास्त याच्यासाठी का त्याच्या वाघाले तोंड होतं. त्याले लोकांनी कला म्हटलं. त्याचा फोटो स्टुडिओच्या काचेत लागला. मी रोज त्या गल्लीतून जायचो, काही काम नसताना, अन रोज त्या काचेपुढं उभा राहून जळायचो. त्याची शेपटी पाहायचो. तार घातली होती तिच्यात, वरती वळत होती. माही सरळ लोंबायची.

तर तो वाघ आता खुर्चीत होता अन मी खाली. डफडं थांबलं होतं. पाहुण्यांमधली एक बाई पदर सावरत हसत म्हणाली, "चावत नाहीत ना हो हे?"

"जरा लांबच बसा," वकीलसाहेब म्हणाले. "रंग लागला की ही माणसं माणसं राहत नाहीत. स्वतःला खरंच वाघ समजतात. आता बघा, चाटेल तो."

रहीमचाचा हात जोडून पुढं झाले. "साहेब, धूप लय हाये. पोऱ्याले गिलासात पाणी द्या."

"उस्ताद, तुमचाच वाघ ना? मग वाघासारखं पिऊ द्या."

मी वसंताकडे पाहिलं. बोलता येत नव्हतं, म्हणून डोळ्यानंच म्हटलं. तू सांग. तुले ठाऊक हाये मी कोण. एका बाकावर बसतो आपण. सांग तुह्या बापाले. त्याले समजलं. समजलं म्हणूनच तो जरासा लाजला, चहाचा घोट घेतला अन म्हणाला, "पी ना रे. पार्ट सोडू नको."

पार्ट सोडू नको. ज्यानं मुंडकं काढून मांडीवर ठेवलं होतं तो मले सांगून राहिला होता.

तवा मले दिसलं का मी आजवर चुकीच्या गोष्टीवर जळलो. मखमल नाही. शेपटी नाही. त्याले पाहिजे तवा वाघ होता येत होतं अन पाहिजे तवा माणूस, अन दोन्ही वेळा लोक त्याले वसंताच म्हणत. माह्या रंगाखाली कोणी हाये हेच या ओसरीले कबूल नव्हतं. रंग पुसला तरी कबूल नव्हतं. रंगानं त्याईची सोय झाली होती, इतकंच.

बोललो तर वाघ गेला. हे मले ठाऊक होतं. मागं चाचा उभे होते, त्याईचा श्वास मले ऐकू येत होता. माह्या जन्मात जे एक माहं होतं ते थाळी चाटली तरच राहणार होतं.

मी उभा राहिलो. दोन पायावर. गुडघ्याचा रंग फरशीले चिकटून राहिला.

"मी वसंताच्या वर्गातला हाये," मी म्हटलं. "त्याले चाल मी शिकवली. मलेबी खुर्ची आणा."

मघा मी गुरगुरत होतो तवा ती बाई हसत होती. मी बोललो तशी ती खुर्चीसकट मागं सरकली. वाघाची भीती नव्हती वाटली तिले. आवाजाची वाटली.

वकीलसाहेबांचा चेहरा लाल झाला. "याला घेऊन जा इथून. चढलीय त्याला."

वसंता कपात पाहत होता. खुर्ची कोणी आणली नाही. मी थाळी पायानं बाजूले सारली अन फाटकातून बाहेर पडलो. माह्यामागं टोळी निघाली, डफडं न वाजवता. अशी मुकी टोळी अकोल्यानं पाहिली नसंल.

विहिरीवर चाचांनी स्वतःच्या हातानं माहा रंग उतरवला. रॉकेलचा बोळा पाठीवरून फिरवत होते. मी म्हटलं, "चाचा, चुकलं काय माहं?"

"तू गलत नाही बोलला, बेटा. पण रंगात बोलला." बोळा थांबला. "रंग में जबान नहीं, म्हणून आजवर आपल्या एकाही वाघानं कोणाले मालक म्हटलं नाही. समजलं? उद्या हे हरेक दारात वाघाले 'मालक' म्हणायले लावतील. आता माह्या हातचा रंग तुले नाही."

त्याईचे डोळे भरून आले होते. तरी शब्द फिरवला नाही. अन त्याईचं खोटं नव्हतं. मुकेपणानं त्या माणसानं आमची अब्रू राखली होती, इतकी वर्षं. पण त्याच मुकेपणापुढं थाळी सरकवता येते, हे मी पाहून आलो होतो.

वस्तीत वेगळीच गंमत. वस्तीचे पुढारी घरी आले, माह्या पाठीवर थाप मारली. "बरं झालं, सुटलं ते जनावरपण. आपण माणूस व्हायसाठी धर्म बदलला गा, अन तू वाघ होऊन राहिला." बाप मान हलवत होता. मी त्या पुढाऱ्याकडे पाहतच राहिलो. वकीलसाहेब म्हणे, वाघ झाला म्हणजे माणूस नाही. हेही म्हणे, वाघ झाला म्हणजे माणूस नाही. मंग तुमच्यात अन त्याच्यात फरक काय, असं मी विचारलं. बापानं माह्या कानशिलात ठेवून दिली.

मॅट्रिक झालो. अमरावतीले सरकारी हाफिसात चिकटलो, मामाच्या घरी राहायले लागलो. मोहरम आला. मी तिथल्या उस्तादांकडे गेलो. माह्या बोलण्याची गोष्ट माह्या आधी पोचली होती. "तू बोलला तोच ना?" एकानं विचारलं अन ब्रश खाली ठेवला. दुसऱ्यानं दारही उघडलं नाही. रस्त्यावरून त्याईचे वाघ गेले, एकापरीस एक. मी खिडकीत उभा होतो. वसंतावर जळलो होतो तसा आता त्याईच्यावर जळलो. माह्यासारख्याच गरीब माणसांवर. ते जळणं जास्त वाईट. बैठक मारून बसता येत नव्हतं, जेवण जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून पिवळा अन काळा रंग आणला. मामाच्या न्हाणीत आरसा टांगला अन स्वतःले रंगवलं. पट्टे वाकडे आले. चाचाच्या हातची सफाई कुठून आणणार? छाती झाली, पोट झालं, हात, पाय, तोंड झालं. पाठीवर हात पोचत नव्हता. मामी रंगाले हात लावायले तयार नव्हती. थोडा वेळ खटपट केली अन सोडून दिली. उघड्या पाठीनं बाहेर निघालो.

डफडं नाही, उस्ताद नाही, टोळी नाही. भर दुपारी एकटा वाघ. पोरं मागं लागली. पानठेल्यावरचे लोक हसले. एक जण ओरडला, "पाठ राहिली गा. मागून माणूस दिसते."

"दिसू दे," मी म्हटलं. "माहीच हाये."

वाघ बोलला म्हणून काही जण दचकले, काही जणांनी तोंड फिरवलं. मी पुढं गेलो. मोठ्या घरांच्या आळीत शिरलो. पहिल्या फाटकाशी थांबलो अन वाघ करायच्या आधी माहं पूर्ण नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. हाफिसातली नोकरी सांगितली. मंग म्हटलं, पाहायचं असंल तर उभं राहून पाहा, मी केला का मले बसायले खुर्ची लागंल. त्या घरानं फाटक लावून घेतलं. दुसऱ्यानंही लावलं. तिसऱ्यानं कुत्रं सोडलं.

तसा मी दरसाल निघालो. लोक मले येडा म्हणत, पिऊन आला म्हणत, अंगात आलं म्हणत. म्हणोत. वसंतावर मी आजही जळतो. तो कधी कोणाच्या फाटकाशी नाव सांगत उभा राहिला नाही, त्याची गरजच पडली नाही, अन हे मले सहन होत नाही. होऊही नये. ज्याले माहा वाघ पाहिजे त्यानं आधी मले आत घ्यावं. नाहीतर फाटक लावावं. मी दुसऱ्या फाटकाशी जाईन.