डावीकडची सीट

रिकाम्या गाडीचं दार उघडण्याआधी त्यावर टकटक करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे, आणि दुर्दैव म्हणा की सुदैव, तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. दाजी औशाला राहतात. जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. बसक्या अंगाचे, बोलायला मऊ, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर. नद्या आणि घाट त्यांनी नकाशावर इतक्या वेळा पार केले होते की निवृत्तीनंतर त्यांना खरोखरच कुठेतरी जायची हुक्की आली. एखाद्या शहाण्या माणसाने अशा वेळी यात्रा कंपनीचं तिकीट काढलं असतं. दाजींनी बिदरजवळच्या एका गोदामातून टेम्पोवर घालून एक जुनी स्पोर्ट्स कार आणली. लाल रंगाची, दोन दारांची, दोनच माणसांची, टपाचं कापड मागे सारता येणारी. ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती आणि आधीचा मालक कोण, हे गोदामवाल्यालाही सांगता येत नव्हतं. अक्का ओवाळायचं ताट घेऊन दारात आली, गाडीकडे पाहिलं, आणि ताट घेऊन तशीच आत गेली. "त्या डाव्या शिटावर कुणीतरी बसलंय," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून दाजींनी गाडीची जी सेवा आरंभली, तशी त्यांनी स्वतःच्या आईबापांचीही केली नसेल. अंगणात पत्र्याचं शेड घातलं. गाडी धुवायला रिठ्याचं पाणी. दाराच्या रबरांना ग्लिसरीन. टपाच्या कापडाला मेणाचा हात. कार्बोरेटर सोडवून ते रॉकेलमध्ये भिजत घालत, तेही अक्काच्या खिरीच्या पातेल्यात, आणि मग घरात आठवडाभर जे महाभारत चाले त्यात दाजी एका कोपऱ्यात बसून दात घासायच्या ब्रशने जेट साफ करत असत. पाण्याची टंचाई होती त्या उन्हाळ्यात टँकर कधी येईल याचा भरवसा नव्हता. दाजी स्वतः ओल्या पंच्याने अंग पुसून घेत आणि उरलेल्या बादलीने गाडीला आंघोळ घालत. बॉनेटवरचा रंग विटला तेव्हा त्यांनी जुना रंग पॉलिश पेपरने हाताने घासून काढला, खड्ड्यांत पुट्टी भरली, आणि लालाची तीच छटा मिळेना म्हणून लातूरच्या रंगाच्या दुकानदाराला एवढं पिडलं की तो त्यांना लांबून बघूनच शटर ओढू लागला.

सेवा अशी चालली होती आणि दुसरीकडे ते डाव्या सीटचं प्रकरण चालू होतं. दाजी उंचीने कमी, म्हणून दोन्ही सीटा त्यांनी पुढे ओढून ठेवलेल्या. सकाळी बघावं तर डावीकडची सीट मागे सरकलेली, चांगल्या उंच माणसाला पाय पसरता येतील इतकी. दाजींनी सीटखालची पट्टी बदलली, नवा खटका बसवला. सीट मागेच. थंडीच्या सकाळी बाकीच्या काचा कोरड्या असत आणि डावीकडच्या काचेवर आतून वाफ धरलेली असे. कधी केवड्याच्या अत्तराचा वास येई. लातूरच्या एका मिस्त्रीने तर डाव्या बाजूला हातच लावायचा नाही असं ठरवून टाकलं. डावीकडचा ब्रेक दुरुस्त करायला तो उजवीकडून गाडीखाली शिरला, आडवा होऊन सापासारखा सरपटत पोचला आणि काम झाल्यावर त्याच वाटेने परत आला. "सर, गाडी चांगली हाय," जाताना म्हणाला, "पन त्यांनला ईचारून मला बोलवत चला."

दाजींना यातलं काहीच भयंकर वाटत नसे. ज्या शांतपणे ते वर्गात खारे वारे आणि मतलई वारे समजावत, त्याच शांतपणे ते म्हणत, "असंल कुणीतरी. बसून राहिलेत बिचारे. आपुन मागून आलाव, ते आधीपासून हायेत." मग टकटक करून दार उघडणं सुरू झालं. खड्डा आला की "जरा धरून बसा" असं डावीकडे सांगणं सुरू झालं. एकदा ते कुठलंसं पितळी बुश लेथवर कातून घ्यायला नांदेडला माझ्याकडे आले आणि परतताना मला म्हणाले, चला पाव्हणं, लोह्यापर्यंत सोबत. भर दुपारी मी डावीकडे बसलो. ऊन असं की डांबर चकाकत होतं, आणि माझी पाठ मात्र माठाला टेकल्यासारखी गार. शिवाय बसलो म्हणजे काय, तर एसटीत दुसऱ्याने धरून ठेवलेल्या सीटवर टेकतात तसा टेकलो होतो. लोहा यायच्या आधीच मला एक काम आठवलं. मी उतरलो. दाजींनी दार ओढून घेतलं आणि सीटकडे बघून अगदी आदराने म्हणाले, "घ्या, आता ऐसपैस बसा." ते मला म्हणाले नव्हते, कारण मी रस्त्यावर उभा होतो.

या सगळ्यात दाजींचं एकच दुःख होतं. अक्का गाडीत बसत नसे. इतक्या वर्षांत एकदाही नाही. दाजी गोड बोलले, रुसले, एकदा तर जेवले नाहीत. अक्काचं उत्तर ठरलेलं. "शीट दोनच. एकावर तुमी, एकावर त्यो. मी काय त्येच्या मांडीवर बसू?" यावर भूगोलात उत्तर नव्हतं.

मग दाजींचे डोळे गेले. एकदम नाही, कडेकडेने. आधी ते दाराच्या चौकटीला खांदा धडकवू लागले. मग तिन्हीसांजेला त्यांना समोरचं माणूस ओळखू येईना. लातूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती किती दिवस टिकेल याची खात्री नाही, आणि अंधार पडायला लागला की गाडीला हातही लावू नका. दाजींनी हे मला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "पाव्हणं, डोळ्याचं काय न्हाई वो. पन तिला एकदा बसवून शेतावर न्यायचं राहिलं." मी फोन ठेवला. इतकं साधं मागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि तेवढंही त्यांना मिळेल असं वाटत नव्हतं.

तोडगा अक्कानेच काढला. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली होती. त्या अमावस्येला आमच्या लातूरकडे गावात माणूस राहत नाही. आंबील, भज्जी, उंडे अशी शिदोरी घेऊन झाडून सगळे शेतात जातात. मी नांदेडहून आलो तेव्हा औशाच्या बाजारात भर दुपारी माझ्याच मोटारसायकलचा आवाज मला मोठा वाटत होता. शटरं ओढलेली, घरांना कुलपं, एका ओट्यावर कुणाचा तरी रेडिओ आपला आपण बोलत राहिलेला. दिवसाढवळ्या एवढं रिकामं गाव बघितलं की रात्र बरी वाटते. दाजींच्या अंगणात मात्र अक्का नवं लुगडं नेसून गाडीच्या डाव्या दारापाशी उभी होती. तिने पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि रिकाम्या सीटला म्हणाली, "आज येळवस हाय. आज वाटंनं जानाऱ्यालाबी रानात जेवाया बोलवतेत. तुमीबी चला. पन आज ह्यांनी मला न्यायचं ठरविलंय, तवा जरा सरकून घ्या."

आणि ती बसली. दाजींनी लगेच गाडी सुरू केली नाही. चाक धरून नुसते बसून राहिले. मग डोळे पुसून म्हणाले, "ग्लिसरीन लागलं जनू."

आंबिलीचं मडकं पाठीमागे बांधून मी मोटारसायकलवर त्यांच्या मागे होतो. लामजन्याच्या रस्त्याला त्यांचं शेत. रिकाम्या रस्त्याने ती लाल गाडी वरातीच्या घोड्यासारखी हळूहळू चालली होती. शेतात कडब्याच्या कोपीत मांडलेल्या पांडवांची पूजा झाली, पंगत बसली. अक्काने बाभळीखाली एक पत्रावळ वेगळी वाढली आणि तिच्याकडे पाठ करून जेवली, कुणी परका जेवत असताना बघू नये म्हणून. आम्ही उठलो तेव्हा ती पत्रावळ धुतल्यासारखी स्वच्छ होती. कुत्र्याने खाल्लं असेल, असं मी मोठ्याने म्हणालो. शेतात कुत्रं नव्हतं.

आमची चूक पुढेच झाली. जायचं सगळं ठरवलं होतं, यायचा विचार कुणीच केला नव्हता. दिवस मावळल्यावर कडब्याची पेंढी पेटवून पिकाभोवती पळत फिरवायची, त्याला हेंडगा म्हणतात, आणि तो फिरल्याशिवाय येळवस संपत नाही. हेंडगा सोडून उठायचं कसं, म्हणून आम्ही बसलो, आणि हेंडगा फिरला तेव्हा अंधार पडला होता. मला चारचाकी येत नाही. शेजारपाजारच्या बैलगाड्या आपला हेंडगा लवकर उरकून निघून गेल्या होत्या. "गाडी इथंच राहू द्या," मी म्हणालो. दाजी म्हणाले, "त्यांनला रानात एकटं सोडून जाऊ?" ठरलं असं की मी पुढे राहायचं आणि माझ्या मागच्या लाल दिव्यावर दाजींनी यायचं. मी रिकामं मडकं बांधत होतो तेवढ्यात दाजी-अक्काला घेऊन गाडी निघालीसुद्धा.

तो रस्ता मी विसरणार नाही. दोन्ही अंगांना काळी रानं, त्यांत लांबवर हेंडग्यांचे जाळ फिरत होते, आणि ते फिरवणारी माणसं काही दिसत नव्हती. पुढे दाजींची गाडी. आणि तिच्याही पुढे, अर्धा रस्ता अडवून, उसाची ट्रॉली उभी. दिवा नाही, काही नाही. मी हॉर्न दाबला, ओरडलो, घसा फाटेपर्यंत ओरडलो. दाजींची गाडी आपली सावकाश उजवीकडे सरकली, ट्रॉलीला हातभर जागा ठेवून पुढे गेली आणि पुन्हा डावीकडे आली. पुढचं वळण, पूल, गावातली गल्ली, सगळं बरोबर. मी अंगणात पोचलो तेव्हा दाजी अक्काचं कौतुक करत होते. "उजवीकडं घ्या, आता सरळ, आता डावीकडं. काय झ्याक सांगितलंस गं तू!"

अक्काने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी कुठं काय बोलले?" ती म्हणाली. "मी तर भ्यानं डोळे आन् तोंड घट्ट मिटून बसले हुते."

दाजींनी त्यानंतर गाडी चालवली नाही. आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. तरी रोज सकाळी शेडमध्ये जाऊन ते हाताने चाचपत गाडी पुसतात, आणि ती आजही औशातली सगळ्यात स्वच्छ गाडी आहे. मध्यंतरी मी गेलो होतो तेव्हा शिरूर अनंतपाळकडचा एक तरुण गाडी विकत घ्यायला आला होता. तो अक्काला समजावू लागला, "मावशी, काकांना दिसत न्हाई, तुमाला चालवता येत न्हाई. ठेवून काय करनार?"

अक्का धान्य निवडत होती. तिने मान वर केली नाही. "आमची गाडी इकायची न्हाई," म्हणाली. "ज्येला दिसतंय असं मानूस हाय तिच्यात."

पोरगं चहा अर्धा ठेवून गेलं. दाजी बॉनेटवर हात टेकून तसेच उभे होते. इतकी वर्षं ती गाडी 'ह्यांची' होती, आणि आज पहिल्यांदा अक्का तिला आमची म्हणाली होती. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला गलबलून आलं. मग हाताने कड धरत ते डाव्या खिडकीपाशी गेले, वाकले आणि हळूच म्हणाले, "आमची म्हणली. ऐकलं का?"

त्यांनी मला विचारलं नव्हतं.