बसलेला मारुती कोणाचा

आमच्या गावच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर एक मारुती बसलेला आहे. द्रोणागिरी त्यानं बाजूला उतरवून ठेवलाय आणि एका हातानं तो स्वतःचा तळपाय चोळतोय. ही कल्पना माझी, असं केनवडपासून रिसोडपर्यंत लोक समजतात. ते खोटं आहे. मी शाळेत चित्रकला शिकवत होतो, एवढंच खरं.

चित्र आमच्या पेंटरचं. उमेदीत त्यानं रिसोडच्या अडत्यांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवल्या. ट्रॉलीवरचे त्याचे वाघ इतके चिडलेले असत की रस्त्यावरचे बैल बिचकत. साठीनंतर मात्र त्याच्या ब्रशातला राग गेला. म्हणायचा, "गुरुजी, पाट्या लोक वाचतात, पाहत कोनीच नाही. मले एक असं काढायचं हाये का मानूस थांबून पाहीन."

राबणाऱ्याला उभं ठेवू नये, हा त्याचा दुसरा हट्ट. देवळाचं काम मिळालं तेव्हा दोन्ही हट्ट त्यानं एकाच भिंतीवर पुरवून घेतले. देवस्थानचे अध्यक्ष खवळले.

"मारुती बसवला काहून?"

"एवढा पहाड घेऊन आला तो, अध्यक्षसाहेब. तुमी तर सोयाबीनचं एक पोतं न उचलता बसता."

आता चित्र पुसलं जाणार, एवढ्यात मी पुढे होऊन सांगितलं की कल्पना माझी आहे आणि तिला शास्त्रात आधार आहे. चित्र वाचलं. तोवर माझा हेतू चांगलाच होता. पण पुढे गावोगावचे लोक पाहायला येऊ लागले, मला शाल-श्रीफळ दिलं गेलं, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. पेंटर पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता, इतक्या जोरात की ती शाल मला टोचू लागली.

पंधरा वर्षांनी, गेल्या महिन्यात, देवस्थानच्या सभेत मी सगळं सांगून टाकलं. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "आमाले माहीत होतं, गुरुजी. तुमाले उभा मारुती तरी काढता येते काय?"

चित्राखाली पेंटरचं नाव घालायचं ठरलं. मला वाटलं, तो नको म्हणेल. तो म्हणाला, "मोठं पायजे."

त्याचा हात आता थरथरतो, म्हणून ब्रश माझ्याकडे आला. पहिलं अक्षर त्यानं मला तीनदा पुसायला लावलं. मी वैतागलो तसा मागून म्हणाला, "घाई कायले करून राह्यले, गुरुजी? पंधरा वर्सं थांबलो, अजून एक दुपार थांबतो."