पाहुण्यांकडे पाठ

माझी धाकटी बहीण बेसबॉल खेळते. ती कॅचर आहे. बॅट घेतलेल्या मुलीच्या मागे तोंडावर जाळीचा मुखवटा आणि छातीवर पॅड बांधून उकिडवं बसायचं, सुटलेला चेंडू झेलायचा. एप्रिलच्या उन्हात ते पॅड चढवल्यावर काय होतं हे ती सांगत नाही. पॅड उतरवल्यावर टी-शर्टवर मिठाचे पांढरे ओघळ दिसतात, त्यावरून आम्ही ओळखतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावात, तासगावच्या अलीकडे, पलूसच्या मुलींशी सामना ठरला. जिल्ह्याचा संघ निवडणारे सर तो बघायला येणार होते. बहिणीचं त्या वयोगटातलं ते शेवटचं वर्ष होतं. निवड झाली तर आताच, नाहीतर नाही. सामना संध्याकाळी पाचचा, कारण त्याआधी मैदानावर पाय ठेववत नाही. आणि दिवे नाहीत म्हणून सातच्या आत संपवायचा.

आमचे वडील चळवळीतले. घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त, त्यामुळे उन्हाची तयारी म्हटल्यावर मी आधी कागद घेतला आणि मागण्या लिहिल्या. मैदानावर दुपारी चारला पाणी मारावं. त्यासाठी द्राक्षबागेत औषध फवारायचा ट्रॅक्टर वापरणार असाल तर त्याची टाकी तीनदा धुवावी. पाहुण्यांना गार बाटल्या आणि पोरींना नळाचं कोमट पाणी असा भेद न करता ओल्या पोत्यात गुंडाळलेले माठ सगळ्यांसाठी असावेत. बॅटी ॲल्युमिनियमच्या आहेत, तापल्या की तळहात भाजतात, म्हणून त्याही ओल्या पोत्याखाली ठेवाव्यात. आणि पाचवी, मोठ्या अक्षरात : बॅटिंगची जागा बदलावी.

ही जागा मैदानाच्या पूर्व टोकाला आखली होती. पाहुण्यांच्या खुर्च्या पश्चिमेला, कडुलिंबाखाली, म्हणजे ऊन त्यांच्या पाठीला. खेळाडूंनी पाहुण्यांकडे पाठ करायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. कुस्ती असो, कबड्डी असो, तोंड व्यासपीठाकडे. म्हणून बॅट घेतलेली मुलगी आणि तिच्यामागची कॅचर, दोघींचीही तोंडं पश्चिमेला. साडेपाचला सूर्य नेमका चेंडू टाकणारीच्या डोक्यावर येतो. सरावात असाच एक न दिसलेला चेंडू बहिणीच्या खांद्यावर बसला होता. काळानिळा डाग तिने आठवडाभर ओढणीखाली झाकला.

सामना भरवणारे आण्णा बेदाण्याचे व्यापारी. मैदानाला लागूनच त्यांचं बेदाणा वाळवायचं शेड. मी बहिणीला घेऊन तिथे गेले. त्यांनी आम्हाला लिंबूपाणी दिलं आणि कागद शांतपणे वाचला. पहिल्या चार गोष्टी त्यांनी तिथेच कबूल केल्या. टाकी स्वतः उभं राहून धुऊन घेतो म्हणाले. पाचवीपाशी थांबले. पाहुण्यांना पोरींच्या पाठी दाखवायच्या का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाहुणे समोर बसले तर मारलेला चेंडू त्यांच्यावरच जाईल.

ते हसले. "एवढ्या लांब पोरींचा चेंडू यायचा न्हाई, बाळ."

मला जे बोलायचं होतं ते मी बोलले. रिवाज कुणासाठी असतो, खेळ कुणाचा असतो, ऊन पोरींच्या डोळ्यांत जातं की पाहुण्यांच्या, सगळं. आण्णांनी ऐकून घेतलं आणि घड्याळ बघितलं. सूर्य मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम, त्यांना घरी जायचं होतं.

बहीण पुढे झाली. तिने पिशवीतून मुखवटा काढून त्यांच्यापुढे धरला.

"आवं आण्णा, दोन मिंटं माझ्या जागंवर बसता का?"

आण्णांना नाही म्हणता आलं नाही. धोतर सावरत ते शेडबाहेर मैदानावर आले आणि मुखवटा चढवून कॅचरच्या जागी बसले. बहीण समोर जाऊन उभी राहिली आणि सरावाचा मऊ चेंडू तिने अगदी हळू, लहान मुलाला देतात तसा टाकला. आण्णांनी हात पुढे केला तोवर चेंडू त्यांच्या कानाजवळून मागे गेला होता. 

"दिसला का?" तिने लांबून विचारलं.

"सूर्य दिसला," आण्णा म्हणाले. मुखवटा काढून त्यांनी डोळे पुसले. मग मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारणाऱ्या माणसाला हाक घालून रेषा उद्या पश्चिमेला घ्यायला सांगितलं.

आता खुर्च्या कॅचरच्या मागे आल्या, म्हणजे मध्ये जाळी हवी. बेदाणा उतरून शेड रिकामं झालं होतं. तिथली हिरवी जाळी काढून दुहेरी केली आणि वाशांना बांधली. सामन्याच्या दिवशी पाहुणे त्या जाळीतून बघत होते. एकजण आण्णांना म्हणाला, "आमाला काय वाळत घातलंय व्हय?" आण्णांनी त्याच्या हातात माठातल्या पाण्याचा पेला दिला.

पाणी मारलेली माती गार होती. सूर्य बहिणीच्या पाठीला होता. तिने एकही चेंडू सोडला नाही. मात्र बॅट हातात आली तेव्हा पहिल्यांदा तिचे तिन्ही फटके हुकले आणि ती बाद झाली. दुसऱ्यांदा चेंडू लागला, पण जमिनीवरून सरळ पलूसच्या मुलीच्या हातात गेला आणि धावून पोचायच्या आत ती पुन्हा बाद झाली. निवडीत सरांनी बॅटिंगही बघितली. सामन्यानंतर त्यांनी नावं वाचली. पलूसची कॅचर घेतली होती.

सर गेल्यावर मी तिच्याजवळ गेले. मला कुणावर तरी रागवायचं होतं. सर घाईत होते, असं काहीतरी मी सुरूही केलं. ती पायातली पॅडं सोडत होती.

"उगं कुणाला बोलू नगंस," ती म्हणाली. "चेंडू मला स्वच्छ दिसत हुता. मीच चुकले."

 मग पहिल्यांदा हुकलेले तिन्ही चेंडू खाली, गुडघ्याच्या बाहेरून आले होते, हे तिने मला मातीत बोटाने काढून दाखवलं. पलूसच्या चेंडू टाकणाऱ्या पोरीने तिची ही कच्ची जागा बरोबर ओळखली होती.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत तिने मला उठवलं आणि मैदानावर नेलं. गुडघ्याच्या बाहेरून, खालीच टाक, म्हणाली. माझी फेक वाईट. दहातले दोन तिथे पडत होते, बाकीचे ती धावत जाऊन आणत होती आणि पुन्हा माझ्या हातात देत होती.