नऊ नंबरचा लाल ठिपका

मॅनेजरच्या हातात ते यंत्र आलं त्या दिवशी तो इतका खूश होता, की त्यानं बायकोला फोन करून सांगितलं, "अगं, आता माझी धावपळ संपली." बिचारा. त्याला काय कल्पना.

तोवर त्याची नोकरी म्हणजे निव्वळ पायपीट होती. खोल्या किती भरल्या हे विचारायला काउंटरवर जा, किती साफ झाल्या हे बघायला वरच्या मजल्यांवर चढा, नाश्त्याला किती माणसं येऊन गेली हे विचारायला खाली स्वयंपाकघरात उतरा, आणि परत काउंटरवर यावं तर तिथला आकडा बदललेला. हॉटेलातली जुनी माणसं म्हणायची, या माणसाला पगाराबरोबर चपलाही द्यायला हव्यात. मग हॉटेल एका कंपनीनं विकत घेतलं आणि चपला राहिल्या बाजूला, हे यंत्र आलं. तळहाताएवढं, ना वायर ना काही. पडद्यावर प्रत्येक खोलीचा एक ठिपका. भरलेली हिरवी, रिकामी पिवळी, साफसफाई चालू असेल तर निळी, दुरुस्तीसाठी बंद असेल तर लाल. त्याखाली जेवणाची टेबलं, येणारे पाहुणे, त्यांच्या तक्रारी. कालचं नाही, तासाभरापूर्वीचं नाही, सगळं आत्ताचं.

गोम एवढीच होती, की अगदी तस्संच यंत्र वरच्या साहेबांच्या हातातही होतं. वरचे साहेब बसायचे दुसऱ्या शहरात, पण इथं एखादी खोली रिकामी राहिली की तिथं त्यांच्या कपाळाला आठी पडायची आणि लगेच इकडे फोन यायचा. म्हणून खोल्या आवरणाऱ्या बायकांनी त्या यंत्राचं नाव ठेवलं सासूबाई. मॅनेजर जिना उतरताना दिसला की त्या एकमेकींना विचारायच्या, "काय गं, सासूबाई जाग्या आहेत का?" मॅनेजर ऐकायचा आणि हसायचा. तसा तो दिवसभर हसायचाच, त्याचाच पगार होता त्याला.

आता अडचण अशी, की तळमजल्यावरच्या नऊ नंबरच्या खोलीचा ठिपका लाल होता, आणि मॅनेजरला तो लालच ठेवायचा होता. कारण त्या खोलीत काही बिघडलेलं नव्हतं. त्या खोलीत त्याचा थोरला भाऊ राहत होता.

कुणी म्हणेल, मॅनेजरनं खोली लाटली. तसं नाही हो. दादा याच हॉटेलात वेटरांचा कॅप्टन होता. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्याला वाढवलं दादानं. दोन-दोन पाळ्या उभ्यानं काढल्या आणि याला हॉटेलच्या कोर्सला घातलं. स्वतःच्या लग्नाचं विचारलं की "बघू पुढं" म्हणायचा, ते पुढं काही आलंच नाही. मग एका दुपारी हातात ट्रे असतानाच दादाची उजवी बाजू गेली. जीव वाचला. पाय फरफटत चालता यायचं, बोलणं जड झालं, एकेक शब्द ओढून आणावा लागायचा. डोकं मात्र शाबूत. मॅनेजरचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागं फिरावं. दादाला खुर्चीत बसवून वर नेताना एकदा खुर्ची हातातून सुटली होती. दादाला फारसं लागलं नाही, पण त्यानं डावा हात हलवून सांगून टाकलं, "नको."

जुन्या मालकांच्या कानावर हे गेलं, तर ते म्हणाले, नऊ नंबर देऊन टाका त्याला. खोली धोबीखान्याला लागून, दिवसभर यंत्रांची घरघर, पाहुणे तशीही नाकं मुरडतात. कागदावर दुरुस्ती चालू आहे असं लिहा आणि राहू दे. सुतारानं बाथरूममध्ये आधाराला दांडा ठोकून दिला. दादा तिथं राहू लागला, आणि कुणी सांगितलं नसताना डाव्या हातानं नॅपकिनांच्या घड्या घालून द्यायला लागला. मॅनेजर दिवसातून दहा वेळा डोकावून जायचा. दोघांचंही बरं चाललं होतं.

पुढं जुने मालक वारले, मुलांनी हॉटेल विकलं, आणि नव्या कंपनीला मॅनेजरनं नऊ नंबरचं खरं काही सांगितलंच नाही. सांगायला हवं होतं का? हवं होतं. पण आज सांगू, उद्या सांगू करत राहिलं. मॅनेजर मनानं चांगला, पण बोटचेपा. साहेबांपुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

"नऊ नंबरचं काय झालं हो?" फोनवर साहेब विचारायचे.

"पाइप गळतोय साहेब. भिंत फोडावी लागणार."

"मग फोडा ना."

"हो साहेब, माणूस येतोय."

माणूस कुठला यायला. फोन ठेवला की मॅनेजर रुमालानं मान पुसायचा.

अशात शहरात डॉक्टरांचं मोठं संमेलन आलं. झाडून सगळी हॉटेलं भरली. दुपारच्या जेवणाची गडबड ऐन रंगात असताना मॅनेजरनं यंत्र बघितलं, तर पडदा नुसता हिरवागार, त्यात एकच लाल ठिपका. तेवढ्यात साहेबांचा निरोप आला, "एका खोलीसाठी शंभर टक्के हुकलं. डोळ्यात खुपतंय."

आणि मॅनेजरला काय अवदसा आठवली कोण जाणे. त्याला वाटलं, लाल काढून खोली तयार आहे असं दाखवू, ठिपका पिवळा होईल. लगेच कुठल्यातरी नावानं आपणच ती भरली असं टाकू, हिरवा होईल. साहेब खूश, दादा जागच्या जागी, उद्या पुन्हा लाल. दोन टिचक्यांचं काम. इतक्या वर्षांत या माणसानं केलेली ही पहिली हुशारी, आणि तीही असली.

त्यानं पहिली टिचकी मारली. ठिपका पिवळा झाला. दुसरी मारायला बोट उचललं, तर ठिपका आपोआप हिरवा. क्षणभर त्याला बरंही वाटलं. मग त्यानं खालचं नाव वाचलं. कुणी एक गृहस्थ गाडीत बसून फोनवर खोली शोधत होते, गावात दुसरी खोली मिळत नव्हती, आणि ही दिसताक्षणी त्यांनी घेऊन टाकली होती. संमेलन संपेपर्यंतची.

तो काउंटरवर धावला. तिथल्या मुलीनं बघितलं आणि मान हलवली. "सर, विकलेली खोली इथून सुटत नाही. वरून सोडवावी लागते, कारण देऊन. आणि पुन्हा दुरुस्ती टाकायची तर त्यांचा इंजिनिअर येऊन बघणार." तिनं आपणहून चार हॉटेलांना फोन केले. सगळ्यांनी हात वर केले. मॅनेजरनं साहेबांना लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. तोवर तिकडूनच निरोप आला, "शाब्बास. पुढच्या हंगामात असंच दिसलं पाहिजे."

त्यानं बायकोला फोन केला. ती बिचारी लगेच म्हणाली, "इकडं घेऊन या त्यांना."

"आणि जिना?"

"चार माणसं बोलवा."

"आत्ता कुठली चार माणसं? जेवणं चालू आहेत. संध्याकाळी बघू."

दादाला त्यानं सांगितलं, पाइप खरंच फुटलाय, दोन-तीन दिवस चादरींच्या खोलीत राहावं लागेल. दादानं भिंतीकडं बघितलं. भिंत ठणठणीत कोरडी होती. सगळं आयुष्य हॉटेलात काढलेल्या माणसाला ते दिसलं नसेल असं नाही, पण तो उठला, डावा हात पुढं केला आणि चालू लागला. चादरींच्या ढिगांमध्ये एक घडीची खाट टाकली होती, तिच्यावर जाऊन बसला. बायकांनी नऊ नंबर आवरली. त्यांतली एक म्हणाली, "शेवटी सासूबाईंनी दादांना घराबाहेर काढलंच." कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं ते गाडीतले गृहस्थ येऊन खोलीत उतरले.

चादरींच्या खोलीला बाथरूम नव्हतं. नोकरांचं होतं मागच्या अंगणापलीकडं, पायऱ्या उतरून. दादानं बराच वेळ कळ काढली असणार. कुणाला हाक मारून त्रास देणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. शेवटी निघाला भिंतीला धरून, आणि जिथं आधाराचा दांडा होता तिथंच गेला.

मॅनेजर जेवणाच्या दालनात डॉक्टरांच्या टेबलाशी वाकून बोलत होता तेव्हा यंत्र वाजलं. नऊ नंबरची तक्रार, अनोळखी माणूस दार उघडायचा प्रयत्न करतोय. तो धावत सुटला, पण तो पोचायच्या आधी त्याच यंत्रावर साहेबांचा फोन पोचला. त्यांनाही त्याच क्षणी दिसलं होतं ना.

दारात पाहुणे उभे होते, घाबरलेले. फाटकावरचा पहारेकरी आलेला होता. आणि मधोमध दादा, एक हात दाराच्या कडीवर. त्याची पँट ओली झाली होती. मॅनेजरला ते बघवेना.

"कोण आहे तो माणूस?" यंत्रातून साहेबांचा आवाज इतका खणखणीत येत होता, की सगळ्यांना ऐकू जावा.

"साहेब, तो..."

"आपला नोकर आहे का?"

"नाही साहेब."

"मग कोण?"

भाऊ हा शब्द मॅनेजरच्या ओठांपर्यंत आला होता, खोटं कशाला सांगा. पण तो शब्द उच्चारला की खोलीचं सगळं बाहेर येणार, नोकरी जाणार, आणि तिच्यामागून घर, मुलीची शाळा, दादाची औषधं. घामानं त्याच्या हातातलं यंत्र निसटायला लागलं.

दादानं त्याच्याकडं बघितलं. मग कडीवरचा हात काढला, पाहुण्यांकडं वळला आणि जन्मभर पाहुण्यांसमोर उभा राहायचा तसा होईल तितका ताठ उभा राहिला.

"माफ करा... सर," तो म्हणाला. "मी... इथला... नाही. चुकून... शिरलो."

"काय म्हणतोय? बाहेरचा आहे का?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब," मॅनेजर म्हणाला. "बाहेरचा आहे."

"मग काढा ना बाहेर. बघत काय राहिलात?"

पहारेकरी रोज सकाळी दादाला रामराम घालणारा माणूस. तो खाली मान घालून म्हणाला, "चला हो बाबा," आणि त्यानं दादाचा दंड धरला. दादा पाय ओढत निघाला. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

"मॅनेजर, असली माणसं आत येतातच कशी?" पाहुण्यांनी विचारलं.

"चूक झाली सर. पुन्हा होणार नाही," मॅनेजर म्हणाला, आणि सवयीनं हसला. नंतर कितीतरी दिवस त्याला त्या हसण्याची शिसारी येत होती.

धोबीखान्यातून कोरडी पँट घेऊन तो फाटकाशी गेला. पहारेकऱ्यानं दादाला आपल्या चौकीत, आपल्याच खुर्चीत बसवलं होतं आणि तो स्वतः बाहेर उन्हात उभा होता. मॅनेजर दादासमोर खाली बसला. त्याला बोलायचं होतं, पण आधी रडूच आलं. दादानं त्याला रडू दिलं.

"राहिली?" मग त्यानं विचारलं.

"काय, दादा?"

"नोकरी."

"राहिली."

"मग... झालं तर." दादाच्या चेहऱ्यावर खरोखरच समाधान दिसलं, आणि मॅनेजरला तेच सोसेना. त्यानं दादाचे कपडे बदलले, त्याला आधार देऊन उभं केलं. दादानं डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला, एकदा हॉटेलकडं बघितलं, एकदा रस्त्याकडं.

"आता... कुठं?" त्यानं विचारलं.

मॅनेजर त्याला धरून तिथंच उभा राहिला.