उष्ट्याचा ओढा आणि दोन पाट्या

कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या गावाचं एक मंगल कार्यालय आहे. लग्न उरकलं की तिथला उरलेला भात, मठ्ठा, बुंदी आणि थर्माकोलच्या वाट्या मागच्या ओढ्यात ढकलतात. ओढ्याला लागून एका मावशींची विहीर. ओढ्याच्या पाण्यावर तुपकट तवंग, त्यात फुगलेल्या जिलेब्या. तेच पाणी विहिरीत शिरतं आणि मावशी ते गाळून, उकळून पितात. पुढून नटूनथटून अक्षता टाकायच्या आणि मागून शेजारणीच्या तोंडात उष्टं ओतायचं. मला किळस येते या लोकांची. स्पष्टच लिहिते.

लग्नसराईभर मावशींनी एकाच दगडावर उभं राहून रोज एक फोटो काढला. ग्रामसभेत विहिरीचा विषय लागला, तेव्हा पत्रक वाटण्याऐवजी मी ते फोटो पडद्यावर दाखवायचं ठरवलं. लॅपटॉपवर चौकोन तारांनी जोडून चित्रं हलवायचा एक प्रोग्राम मी शिकले होते. त्यात बाहेर पडलेलं चित्र जरा फिकं करून परत आत सोडायचं आणि त्यावर नवं ठेवायचं. कालची घाण आजच्या घाणीखालून दिसत राहते. मला अगदी हेच हवं होतं.

सभेत मावशी बोलायला उभ्या राहिल्या. पाचसहा फोटो नीट गेले. मग पडदा अडखळला, लॅपटॉपचा पंखा किंचाळला आणि सगळं गोठलं.

सरपंच हसले. "ताई, तुमचं मशीन बी पंगतीला बसलं हुतं का? फुगून बसलंय!"

सभा खदखदली. निम्मी माणसं तंबाखू मळत उठून गेली. गणपूर्ती मोडली, सभा तहकूब झाली. मावशी उभ्याच होत्या. त्यांचं पहिलं वाक्यसुद्धा पुरं झालं नव्हतं.

तहकूब सभा आठ दिवसांनी होती. मिरवणुकीच्या गाड्यांवर एलईडी पडदे चालवणाऱ्या एका भाऊंकडे मी लॅपटॉप घेऊन गेले. त्यांनी तारा बघितल्या आणि कपाळावर हात मारला.

"हे काय केलंस? सेकंदाला तीस चित्रं बनत्यात, आन् एकबी टाकत न्हाईस, समदी मेमरीत साठवतेस?"

"पुरावा आहे तो. आमच्या चळवळीत एक कागदसुद्धा टाकत नाहीत."

"अगं, पुरावा पेनड्राइव्हवर हाय की! ही तर त्याची सावली. सावल्यांची गोणी भरून मशीनच्या डोक्यावर दिलीस तू."

मला स्वतःचीच शिसारी आली. तिथे पहिल्या दिवसापासून एकच शिकवलेलं: काही फेकायचं नाही. ती सवय मी डोकं न वापरता मशीनला लावली आणि मावशींना तोंडघशी पाडलं.

प्रत्येक चित्र साठवणारा जो चौकोन मी जोडला होता, तो भाऊंनी उडवला. "दोनच पाट्या ठेव. एकीवरचं वाच, दुसरीवर लिही. मग अदलाबदल. जुन्यावरच नवं लिहायचं, दर वेळी नवी पाटी मागायची न्हाई." फोटोही त्यांनी पडद्याच्या मापाचे करून घेतले, मोबाईलचा अख्खा फोटो त्या पडद्याला लागतच नव्हता. मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते चालू ठेवून मेमरी किती भरली ते दाखवणारी रेघ मला बघत बसवलं. रेघ वर चढली नाही.

तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे पळून जाऊन उपयोग नव्हता. मावशी बोलल्या. मागे वाटीवर वाटी चढत गेली, ओढा पांढरा झाला. त्या थांबल्या तरी पडदा चालूच. कार्यालयाचे मालक पुढच्याच खुर्चीत, रुमाल नाकाला. चित्राला वास नसतो, तरी!

"बंद करा आता ते," सरपंच म्हणाले. "दिसलं सगळ्यांना."

"ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाल्या. "माझ्या हिरीला बंद करायचं बटन हाय का?"

कोणी हसलं नाही. ठराव वहीत लिहून होईपर्यंत पडदा एकदाही अडखळला नाही: ओढ्यात काही टाकायचं नाही, विहीर कार्यालयाच्या मालकांनी उपसून द्यायची.

आठवड्याने पंप लागला. तळातून गाळ आला, गाळात थर्माकोल आणि कुणाच्या तरी लग्नातला प्लास्टिकचा चमचा. मावशींनी तो काठीने बाजूला केला आणि म्हणाल्या, "ह्याचा फोटो काढ. आन् चमचा टाकू नको, पुरावा हाय."