सात नंबरच्या खुर्चीचं मत

व्हर्लीन स्टॅकहाउस आमच्या डायालिसिस सेंटरमध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकच मागणी केली. खुर्ची बदलून द्या. साल २००८, फेब्रुवारी महिना. त्यांना सात नंबरची खुर्ची मिळाली होती. सहा नंबरवर ओझेल पेटिग्रू बसायचे, आठ नंबरवर होझिया टब्स, आणि त्या दोघांचा वाद मधल्या माणसाच्या डोक्यावरून इकडून तिकडे चालायचा.

"काय बोलतात ते ऐकलंस ना? सैतानाची गाणी," मिस व्हर्लीन मला म्हणाल्या. "मी चर्चच्या दाराशी पांढरे हातमोजे घालून उभी राहते, लोकांना जागेवर नेऊन बसवते. चाळीस वर्षं झाली. मी हे ऐकत बसू?"

"रिकामी खुर्ची नाही हो, मिस व्हर्लीन. कुणी गेलं तरच होते."

"मग राहू दे," त्या म्हणाल्या, आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

ग्रीनवूड गावातल्या आमच्या सेंटरमध्ये हा गट सोमवार, बुधवार, शुक्रवारी यायचा. पहिली पाळी पहाटे साडेपाचची. हातात दोन सुया, एकीतून रक्त यंत्रात जातं, दुसरीतून परत येतं. चार तास तो हात हलवायचा नाही. परत आलेलं रक्त गार लागतं म्हणून सगळे पांघरूण घेऊन बसतात. टीव्ही असतो, पण तो कुणी बघत नाही. बोलायला तोंड तेवढं मोकळं असतं.

ओझेल आयुष्यभर सरकीच्या गिरणीत कामाला होते. त्यांच्या मते ब्लूज गाण्यांत मडी वॉटर्सच्या वर कुणी नाही. होझिया ट्रक चालवायचे. त्यांचा देव बी. बी. किंग. दोघांचे मुद्दे मला पाठ झाले होते.

"तुझा मडी त्रेचाळीस साली शिकागोला पळाला," होझिया म्हणायचे. "आपला माणूस अजून दरवर्षी त्याच्या गावी, इंडियनोलाला, येऊन फुकट वाजवतो."

"आणि तो मेम्फिसला गेला तो काय सहलीला गेला होता?"

"मेम्फिस जवळ आहे."

"आणि ऐक, तुझ्या माणसाला गाताना वाजवता येत नाही. गातो तेव्हा हात थांबतो, वाजवतो तेव्हा तोंड. हे त्याने स्वतःच सांगितलंय."

"गिटार गायला लागल्यावर माणसाने गप्पच बसायचं असतं, ओझेल. तुला ते कधी जमलंय?"

मिस व्हर्लीन आठ महिने पांघरुणाखाली होत्या. कपड्यांना इस्त्री करणाऱ्या लाँड्रीत एकतीस वर्षं काढलेली बाई, मनगटावर भाजल्याचे जुने डाग, त्यामुळे सुई कुठे घालायची हे मला प्रत्येक वेळी शोधावं लागायचं. त्या हूं की चूं करायच्या नाहीत. लग्न झालेल्या वयस्क बाईंनाही आमच्याकडे मानाने मिसच म्हणतात; त्यांचा नवरा ल्यूशस, चर्चचा डीकन म्हणजे मानाचा सेवक, एकोणनव्वद साली वारला. तिन्ही मुलं दूर उत्तरेत, मिलवॉकीला. घर रुळांपलीकडच्या गल्लीत. एवढंच मला माहीत होतं.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी वादाला वेगळं वळण लागलं. होझिया म्हणाले, एकटा माणूस एक गिटार घेऊन सगळं घर नाचवू शकत नाही, ढोल लागतो, बास लागतो, त्याशिवाय पाय हलत नाहीत. तेव्हा पांघरुणाखालून आवाज आला.

"नाचवतो. एकटा माणूस नाचवतो."

दोघंही वळले. हात हलवता येत नव्हता म्हणून मान तेवढी वळली.

"तुम्हाला काय ठाऊक?" होझियांनी विचारलं.

मिस व्हर्लीननी पांघरूण खाली केलं. "माझ्या स्वयंपाकघराची मागची भिंत आणि मिस्टर शॅडच्या ज्यूकची, म्हणजे दारू-नाचगाण्याच्या अड्ड्याची, पत्र्याची भिंत, मध्ये तीस पावलं. छप्पन साली लग्न होऊन आले, चौऱ्याहत्तर साली तो ज्यूक बंद पडला. तोवर दर शुक्रवारी, दर शनिवारी माझ्या ताटल्या फडताळात वाजायच्या. कोण किती वाजवतो ते ताटल्यांवरून कळायचं."

"म्हणजे तुम्ही आत जायचात?" ओझेल म्हणाले.

"एकदाही नाही. डीकनची बायको मी. त्या फाटकातून एक पाऊल आत टाकलेलं नाही."

"मग कोण कोण ऐकलंत? नावं सांगा."

"नावं कुठून सांगू? भिंतीतून नाव येत नाही."

त्या दिवसापासून वादाची घडी मोडली. दोन्ही म्हाताऱ्यांच्या हाती असा साक्षीदार लागला होता, ज्याने अठरा वर्षं सगळं ऐकलं होतं आणि एकाही माणसाचं नाव त्याला माहीत नव्हतं. मिस व्हर्लीन माणसं ओळखायच्या त्या खुणांवरून. एक डावा पाय आपटणारा. एक कापूस वेचणीच्या दिवसांतच येणारा. एक खोकणारा. आणि एक, जो फक्त दोनदा आला. अठ्ठावन्न साली, थंडी पडायला लागली होती तेव्हा.

"त्यानं तिसरं गाणं धरलं आणि ज्यूकमधले लोक बोलायचे थांबले," त्या म्हणाल्या. "एरवी तिथं गाणं चालू असलं तरी शंभर माणसं ओरडत असायची. त्या वेळी काहीच नाही. मी भांडी घासत होते, मीही थांबले. डीकन बाहेरच्या खोलीत बायबल वाचत होते. त्यांच्या पानांचा आवाजही थांबला, पण ते काही बोलले नाहीत."

"ती पेटीतली रेकॉर्ड असणार," ओझेल म्हणाले. "नाणं टाकलं की वाजणारी."

"पेटी तारा जुळवत बसत नाही, मिस्टर पेटिग्रू."

होझिया घरून छोटा टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी घेऊन आले. मिस व्हर्लीनच्या कानाला हेडफोन लावले आणि एकेक माणूस ऐकवायला लागले. दोन आठवडे चाललं. त्या दर वेळी नाही म्हणायच्या. मग त्यांनीच सांगितलं, हे असं कानात घातल्यावर मला काहीच ओळखता येणार नाही, हे फार साफ आहे. होझियांनी विचार केला आणि मला म्हणाले, "पोरी, तो टेप सामानाच्या खोलीत ठेव आणि दार लाव."

मी ठेवला. नियमात बसत नव्हतं, पण दार लावलं. पाळीवर आम्ही चौदा रोगी सांभाळत होतो, आणि चौदाही जण दाराकडे बघत बसले. आतून धुमधुम तेवढी यायची. मिस व्हर्लीननी डोळे मिटले. "हां. आता कळतं." एकावर त्या म्हणाल्या, याच्यासारखा एक यायचा, पण त्याच्याबरोबर पियानो असायचा. दुसऱ्यावर म्हणाल्या, याला ताल नाही, घाई आहे. तो बी. बी. किंग होता की काय हे होझियांनी त्यांना सांगितलं नाही. मलाही विचारू दिलं नाही. त्यांचा तो दोनदा आलेला माणूस मात्र एकाही कॅसेटमध्ये सापडला नाही.

पुढच्या फेब्रुवारीत आमच्या स्वागतकक्षातल्या बाईंनी भिंतीवर एक कागद लावला. आजवरचा सर्वश्रेष्ठ ब्लूज कलावंत कोण, पहिल्या पाळीने मत द्यायचं. सहा मतं मडीला पडली, सहा बी. बी.ला. अकरा नंबरच्या बाईंनी बेसी स्मिथचं नाव लिहिलं आणि कुणी त्यांच्याशी त्यावर बोलू नये असं बजावलं. उरलं सात नंबरचं मत.

ओझेलनी मिस व्हर्लीनसाठी अंगणातल्या झाडाचे पेकन, अक्रोडासारखे दाणे, भाजून आणले. डायालिसिसच्या माणसाला ते चालत नाहीत. मी पिशवी काढून घेतली.

"तू खाणार ना आता?" ओझेल म्हणाले. "मग मत तू दे."

होझियांनी खायला काही आणलं नाही. ते म्हणाले, "मिस व्हर्लीन, तुम्ही त्या माणसाचं तोंड पाहिलं होतं का? खरं सांगा. मी आयुष्यात इतके लोक पाहिलेत, नुसतं वर्णन पुरे."

त्या म्हणाल्या, दुसऱ्यांदा आला तेव्हा, दिवस असताना, तो गिटार पाठीला लावून कुंपणाशी उभा राहिला होता. कोटाचं बटण तुटलं होतं. ताई, सुईदोरा मिळेल का, असं विचारलं. त्यांनी कुंपणावरून सुईदोरा दिला. तो पाठ करून उन्हात उभा राहिला, बटण लावलं, आभार मानले आणि सुई घेऊन निघून गेला.

"नाव नाही विचारलंत?"

"नाव विचारलं असतं तर ओळख झाली असती. डीकनची बायको अशा माणसाशी ओळख कशी ठेवणार? आणि सुई माझी चांगल्यातली होती. रात्री ताटल्या वाजायला लागल्या तेव्हा मी अजून त्या सुईवर चिडलेली होते."

कागदावर त्यांनी लिहिलं, 'ज्यानं माझी सुई नेली तो.' ओझेल म्हणाले, नाव नाही तर मत बाद. होझिया म्हणाले, बाद का, तिसरा उमेदवार आहे. महिनाअखेर कागद उतरवला तेव्हा बरोबरीच होती.

एप्रिलमध्ये एका रविवारी चर्च सुटल्यावर होझिया मिस व्हर्लीनना गाडीतून शहराबाहेरच्या एका ठिकाणी घेऊन गेले, जिथे दुपारी गाणं चालतं. मला त्यांनी बरोबर घेतलं, मिस व्हर्लीनना चढ-उतार करताना कुणीतरी धरायला हवं होतं म्हणून. पण उतरायची वेळ आलीच नाही. मिस व्हर्लीन टोपी आणि हातमोज्यांसकट मागच्या सीटवर बसून राहिल्या.

"आत खुर्च्या आहेत," होझिया म्हणाले. "लोक चांगले आहेत. माझी बहीण आहे आत."

"इथूनच ऐकते. काच वर करा."

"अहो, काच वर केली तर काय ऐकू येणार?"

"करा तर खरी."

त्यांनी काच वर केली. आम्ही तिघं पाऊण तास तसेच बसलो. उकडत होतं. होझिया मान वाकडी करून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "गिटार येतच नाही. नुसता पाय येतो, आणि मधूनच कुणाचं तरी ओरडणं."

"तेच सांगतेय मी तुम्हाला सहा महिने," मिस व्हर्लीन म्हणाल्या. "आत गेले असते तर मलाही गिटारच ऐकू आली असती."

मी त्यांना विचारलं, आत गेला नाहीत याचं वाईट वाटतं का. त्यांनी हातमोजा नीट केला. "साठ साली वाटायचं," त्या म्हणाल्या. "एका शनिवारी डीकन गावाला गेले होते, तेव्हा बूट घालून मागच्या दारापर्यंत आले होते. मग बूट काढले. आता नाही वाटत."

सोमवारी होझिया पुन्हा बी. बी.च्या बाजूने तितक्याच जोरात बोलत होते.

जूनमध्ये ओझेल पेटिग्रू वारले. घरीच, झोपेत. त्यांच्या खुर्चीवर मासळीच्या कारखान्यात काम करणारा एक माणूस आला. त्याला गाण्यात गम्य नव्हतं. तो आल्याबरोबर झोपायचा. दुसऱ्या बुधवारी होझिया छताकडे बघून म्हणाले, "शेवटी काय, बी. बी.सारखा एक सूर कुणाला लावता आला नाही." खोलीत यंत्रांचा आवाज चालू होता.

मग मिस व्हर्लीन म्हणाल्या, "गाताना वाजवता येत नाही त्याला."

होझियांनी मान वळवली.

"हात थांबतो," त्या म्हणाल्या. "आणि शिकागोला गेला म्हणून कुणी परका होत नाही. माझी तिन्ही मुलं त्याच बाजूला गेलीत. ती काय परकी झाली?"

पुढची दोन वर्षं त्या मडी वॉटर्सच्या बाजूने भांडल्या. ओझेलचेच मुद्दे, कधी ओझेलच्याच शब्दांत, आणि काही नवे. त्या मडीचं एकही गाणं आपणहून ऐकत नव्हत्या. सुया काढताना मी एकदा हळूच विचारलं, "तुमचं मत तर वेगळं होतं ना?"

"माझं मत आहे तिथंच आहे," त्या म्हणाल्या. "पण हा माणूस एकटाच बोलत बसला तर लोक त्याला वेडा म्हणतील. समोर कुणीतरी हवं."

२०११च्या शरदात त्यांची मुलगी त्यांना मिलवॉकीला घेऊन गेली. घर विकलं नाही, कुलूप लावलं. चर्चने त्यांना निरोप दिला, नवे हातमोजे दिले. तिकडच्या सेंटरमध्ये, त्यांनी मला फोनवर सांगितलं, प्रत्येकाच्या खुर्चीपुढे स्वतःचा टीव्ही आहे आणि कुणी कुणाशी बोलत नाही.

त्यांचे वारही सोमवार, बुधवार, शुक्रवारच पडले. म्हणून बुधवारी सात वाजता त्या होझियांना फोन करायच्या. होझियांचा उजवा हात सुयांत, डाव्या हाताला कंप, त्यामुळे फोन मी धरायचे. नाहीतर स्पीकर लावायचे, मग सगळी पाळी ऐकायची. अकरा नंबरच्या बाई दर वेळी बेसी स्मिथचं नाव घालायच्या.

एका बुधवारी होझिया म्हणाले, "तुमच्या मिलवॉकीहून शिकागो तास-दीड तासावर आहे. जा एकदा, बघून या तुमच्या मडीचं गाव."

"थंडी फार आहे," पलीकडून मिस व्हर्लीन म्हणाल्या. "आणि तुम्ही मुद्दा बदलू नका, मिस्टर टब्स. मागच्या वेळी कुठं आलो होतो आपण?"

"हात थांबतो, इथं."

"हां. तर ऐका," त्या म्हणाल्या. मी फोन दुसऱ्या हातात घेतला.