बाईंनी पाणी नको म्हणलंय

सहल म्हटलं की मला आधी वास आठवतो. डोंगर नंतर.

मी आंबेगावच्या पूर्व भागातल्या एका शाळेत शिकवते. दर हिवाळ्यात शैक्षणिक सहल निघते आणि मुलींसोबत मला धाडतात. मागच्या खेपेला नाणेघाट होता. गाडीत चढताना मी नेहमीची सूचना दिली, "पाणी बेतानं प्या गं, वाटेत सोय नसते." हे वाक्य माझं नाही. मी सातवीत असताना आमच्या बाईंनी ते आम्हाला सांगितलं होतं. त्या बाई कधीच रिटायर झाल्या, वाक्य अजून नोकरीत आहे.

नाश्त्याला जिथे थांबलो तिथे भिंतीवर 'महिला' असं ठळक लिहिलेलं होतं. आत दाराला कडी नाही, नळ कोरडा, फरशीवर काळं पाणी साचलेलं, कोपऱ्यात वापरलेल्या पॅडचा ढीग आणि त्यावर घोंगावणाऱ्या माशा. सातवीतली एक मुलगी नाकाला रुमाल लावून आत गेली आणि तशीच मागे फिरली. "राहू द्या बाई, मी कळ काढते," म्हणाली. आमचे सर मात्र झाडाआड जाऊन मोकळे झाले होते आणि चहा पीत होते. "आटपलं का मुलींचं?" त्यांनी घड्याळ बघत विचारलं. त्या घाणीपेक्षा त्या प्रश्नाची मला जास्त किळस आली.

घाटात सरांनी माहिती दिली. वाटसरूंसाठी इथे दोन हजार वर्षांपूर्वी पाण्याची टाकी खोदली होती. मुलींनी सुकल्या ओठांनी ते वहीत उतरवून घेतलं.

परतताना घाटघरजवळ ती सातवीतली मुलगी सीटवरच कलंडली. गाडी थांबवली आणि तिला खाली उतरवून एका अंगणात बसवलं. घरातली बाई तांब्या घेऊन धावत आली. "पी गं बाय, लई सुकलीस." पोरीने तांब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाईंनी पाणी नको म्हणलंय."

त्या बाईने मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमी सांगितलं व्हय असं?"

"वाटेत सोय नसते ना, मावशी." बोलताना माझी मलाच शिसारी आली.

"सोय नाय म्हंजी? आमचा संडास हाय की मागं. चला गं समद्या."

एकेक मुलगी आत जाऊन आली आणि पायरीवर बसून घटाघटा पाणी प्यायली. संडास साधाच होता, पण धुतलेला होता, बादली भरलेली होती. रस्त्यावरून सर हॉर्न वाजवायला लावत होते. वाजू दे म्हटलं.

शेवटी मावशींनी तांब्या माझ्यापुढे केला. "आन् तुमी कवापास्नं नाय प्यालात?"

"सकाळपासून," मी म्हणाले.

खरं तर सातवीपासून.